पाव मिलिमीटरचा हिशेब: एअर रायफलच्या पेलेटची बॅच कशी निवडतात

(दृश्य: ठाण्यातली दहा मीटरची बंदिस्त रेंज. बाहेर जुलैचा पाऊस. टेबलावर उघडी डबी, फोमच्या खाचांत एकेक पेलेट.)

ही पेलेट, एअर रायफलची गोळी. शिशाची, ४.५ मिलिमीटर कॅलिबरची, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. डोकं सपाट, मधे बारीक कंबर, मागे पोकळ स्कर्ट. रायफलमधली दाबाची हवा मागून आत शिरते, पातळ स्कर्ट फुलतो आणि नळीच्या आतल्या पेचदार आट्यांत घट्ट बसतो. डोकं सपाट असतं ते कागदाला कापल्यासारखं गोल भोक पडावं म्हणून.

समोर, दहा मीटरवर, टार्गेट. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. आता गुण दशांशात मोजतात, म्हणून एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. पेलेट मध्यापासून पाव मिलिमीटर सरकली की एक दशांश गेला. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं ते ह्याच अंतरावर, ह्याच ठिपक्यावर.

परदेशात मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड नळीच्या, टार्गेट रायफलसाठी अनेकजण काडतुसं स्वतः भरतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आणि एअर रायफलच्या पेलेटमध्ये भरायला काही नसतंच. त्यामुळे इथल्या नेमबाजाच्या हातात उरते ती निवड. ती मात्र काडतूस भरण्याइतकीच चिकाटीने करावी लागते.

(दृश्य: डबीच्या मागचं लेबल, जवळून. ४.४९. शेजारी ४.५०.)

मॅच पेलेटच्या डबीवर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४८ पासून ४.५२ पर्यंत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने. कुठल्या नळीला कुठला चालेल हे लेबल बघून सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींच्या आवडी वेगळ्या निघतात. त्याहून महत्त्वाचा तो बॅच नंबर. नाव तेच, व्यास तोच, पण कारखान्यातला साचा झिजतो, बदलला जातो, आणि पुढची बॅच वेगळी वागते. मित्राला चाललेली पेलेट आपल्यालाही चालेल असं धरून वीस डब्या घेणं, ही नव्या नेमबाजांच्या घरात सर्रास होणारी चूक. आधी प्रत्येक बॅचची एकच डबी आणावी.

(दृश्य: जड टेबलाला बोल्ट केलेला वाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा. जबड्यांना चामड्याचे तुकडे. त्यात रायफल.)

चाचणी खांद्यावरून करायची नाही. माणसाचा श्वास आणि नाडी पेलेटच्या चुकीत मिसळली, की दोन्ही वेगळे करता येत नाहीत. रायफल वाइसमध्ये धरायची, आणि दर वेळी त्याच जागी, तेवढीच आवळून. मागे पेलेट अडवणारा सापळा, नळीच्या पुढच्या बाजूला कोणीही नाही, आणि पेलेट भरताना ट्रिगरपासून बोट लांब.

आधी नळी साफ करायची. फेल्टच्या दोन-तीन कोरड्या गोळ्या नळीतून काढायच्या. तेल किंवा सॉल्व्हंट नको, ते हवा अडवणाऱ्या सीलपर्यंत पोचतं. स्वच्छ नळी लगेच नीट मारत नाही. शिशाचा पातळ थर बसेपर्यंत वीसेक पेलेट जाऊ द्याव्यात. पुढे बॅच बदलली की दर वेळी दहा वाया घालवायच्या, कारण नळीत अजून आधीच्या बॅचचं शिसं असतं. ह्या दहा वाचवणाऱ्याची सगळी चाचणीच वाया जाते.

आता क्रम. अ, ब, क, ड अशा चार बॅच असतील तर प्रत्येकीचे दहा नेम, मग उलट क्रमाने ड, क, ब, अ, आणि पुन्हा सरळ. म्हणजे प्रत्येकीचे दहा-दहाचे तीन ग्रुप, भोकांचे तीन पुंजके. उलटसुलट क्रम अशासाठी, की तासाभरात वाइस किंचित सैल होतो, रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब उतरतो. सरळ एकाच क्रमाने गेलं, तर ह्या सगळ्याचं खापर शेवटच्या बिचाऱ्या बॅचवर फुटतं. ग्रुप उभ्या रेषेत खाली घसरू लागला, की पेलेटला दोष देण्याआधी दाबाचा काटा आणि वाइसचे बोल्ट बघावेत.

पाच नेमांवर निर्णय घेऊ नये. पाच पेलेट एका भोकात जाणं हे वाईट बॅचलाही अधूनमधून जमतं. आठ बॅचचे पाच-पाच नेम मारून सगळ्यांत लहान ग्रुप उचलला, तर बऱ्याचदा आपण पेलेट नाही, योगायोग उचललेला असतो. म्हणून जिंकलेल्या दोन बॅच दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायच्या. दुसऱ्या दिवशीही जी पुढे राहील, ती खरी.

(दृश्य: कागदावरचं भोक, व्हर्नियर कॅलिपरचे दोन पाय त्याच्या कडांवर.)

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक नेमाची जागा पडद्यावर मिळते, काम सोपं. कागद असेल तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि त्यातून पेलेटचे ४.५ वजा करायचे. दहा नेमांचं माप ५.२ आलं, तर मध्यापासून मध्याचं अंतर उरतं ०.७ मिलिमीटर. हा उत्तम ग्रुप. बाहेरून मोजलेलं माप साडेपाचपर्यंत असेल तर ठेवण्यासारखा. सहाच्या पुढे गेलेली बॅच फक्त साध्या सरावाला.

पण ठाण्याच्या पावसाळ्यात कागद सादळतो. सादळलेलं टार्गेट कापलं न जाता फाटतं, भोकाच्या कडेला तुसं निघतात, आणि कॅलिपर कुठे टेकवायचा तेच कळत नाही. टार्गेट आदल्या रात्रीपासून बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत, मागे जाड पुठ्ठा लावावा. आणि मे महिन्यातला ग्रुप जुलैतल्या ग्रुपशी ताडून बघू नये.

वजनाबद्दल थोडं. काहीजण प्रत्येक पेलेट मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलतात. हिशेब असा: सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने दहा मीटर जाताना पेलेट साधारण १७ मिलिमीटर खाली येते. वेग एक टक्का बदलला, तर ते पडणं दोन टक्क्यांनी बदलतं, म्हणजे तिसरा हिस्सा मिलिमीटर. एका दशांशाहून जास्त. वजनातला एक टक्का, म्हणजे पाचेक मिलिग्रॅम, वेग साधारण अर्धा टक्काच हलवतो. तेव्हा क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग स्थिर आहे का हे आधी बघावं आणि तोलत बसणं नंतर. चांगल्या बॅचमध्ये तोलण्याने फारसं हाती लागत नाही.

हाती लागतं ते वाकडे स्कर्ट काढून टाकण्याने. पेलेट काचेवर आडवी ठेवून हलकेच ढकलावी. चांगली शांतपणे गोल फिरते, चेपलेली लंगडते. जमिनीवर पडलेली पेलेट उचलून वापरू नये. तिला चिकटलेला कण नळीत ओरखडा पाडतो.

वेग स्थिर नसेल तर बहुतेकदा दोष हवेचा. इथल्या दमट हवेत हातपंपाने सिलिंडर भरला, की आत पाणी जातं आणि दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर खराब होतो. ओलावा काढणारा फिल्टर असलेल्या कॉम्प्रेसरवरूनच भरून घ्यावा. वाशी-ऐरोलीकडे, खाडीच्या बाजूला, उघड्या डबीतल्या पेलेटवर पांढरी भुकटी धरते. ती डबीही बंद करून सिलिका जेलसोबतच ठेवावी. एसी खोलीतून बाहेर काढलेली डबी लगेच उघडू नये. थंड शिशावर दव धरतं. अर्धा तास थांबावं.

शिसं हाताला लागतं. पेलेट तोंडात धरायची नाही, आणि जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. लहान मुलांच्या बाबतीत हे पालकांनीच उभं राहून करून घ्यावं.

(दृश्य: वही. स्वच्छ अक्षरात रकाने.)

बॅच ठरली की साठा करायचा. दिवसाला दोनशे नेम, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला हजार, पाचशेच्या दोन डब्या. वीस डब्या दहा आठवडे पुरतात. दुकानदाराला नाव नाही, बॅच नंबर सांगायचा, आणि पार्सल उघडल्यावर प्रत्येक डबीवरचा नंबर ताडून घ्यायचा. चार डब्या उरल्या, की पुढच्या बॅचची चाचणी लावायची, म्हणजे जुनी शेजारी ठेवून नवी ताडून बघता येते. वहीत नळीचा नंबर, बॅच, डोक्याचा व्यास, तारीख, सिलिंडरचा दाब आणि तिन्ही ग्रुपची मापं. विजेत्या बॅचचं टार्गेट रायफलच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं.