झिका, एक शाळकरी मुलगा आणि बशीतला मेंदू

नमस्कार श्रोतेहो.

2021च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात झिकाचा, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूचा, महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. पुढे 2024च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून सुरुवात झाली आणि शहराच्या बाकीच्या भागांतूनही रुग्ण निघू लागले. त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. आता झिकाचा ताप तसा काही भयंकर नव्हे. थोडी कणकण, अंगावर पुरळ, डोळे लाल, आणि आठवड्यात माणूस कामाला लागतो. मग आरोग्य खात्याची माणसं गरोदर बायकांच्याच मागे का लागली होती? पोटातल्या बाळाच्या वाढीवर एवढा पहारा कशासाठी?

कारण ब्राझील. 2015 साली तिथल्या रेसिफे शहरात व्हॅनेसा व्हान डेर लिंडेन आणि त्यांच्या आई आना, या मुलांच्या मेंदूविकारांच्या दोन डॉक्टर, माय-लेकी दोघी, एकाच गोष्टीने हादरल्या. खूप लहान डोक्याची बाळं जन्माला येत होती. असं बाळ एरवी क्वचित दिसायचं, आता एकामागून एक येत होती. काही महिने आधी तिथे झिकाची साथ येऊन गेली होती. संशय झिकावर होता. पण संशयच. साथ आधी आली आणि बाळं नंतर जन्मली, एवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही. काहीजण तर डासांच्या अळ्या मारायच्या औषधावर खापर फोडत होते.

मग सिद्ध कसं करायचं? गरोदर बाईला मुद्दाम झिका देऊन बघता येत नाही, हे सांगायलाच नको. उंदरावर करावं, तर धडधाकट मोठ्या उंदराला झिका फारसा बाधतच नाही. शिवाय उंदराचा मेंदू वरून गुळगुळीत, माणसाचा वळ्यावळ्यांचा, आणि तो वाढतोही वेगळ्या तऱ्हेने. म्हणजे हवा होता माणसाचाच मेंदू, तोही तयार होत असलेला, आणि पोटाबाहेर.

तो मिळाला, कारण जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी ताकाहाशी या आपल्या सहकाऱ्याबरोबर एक करामत करून ठेवली होती. 2006 साली त्यांनी उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेच्या पेशींमध्ये चार जनुकं घातली. फक्त चार. त्या पेशी आपलं त्वचापण विसरल्या आणि गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारख्या झाल्या. अशा पेशीतून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते: हृदयाची, यकृताची, मेंदूची. हिला प्लुरिपोटंट मूळ पेशी, म्हणजे एक प्रकारची स्टेम सेल, म्हणतात, किंवा बहुक्षम पेशी म्हणा. 2012 साली यामानाकांना यासाठी नोबेल मिळालं. पुन्हा सांगते, मोठ्या माणसाच्या कातडीतली पेशी घ्यायची, तिला मागे न्यायचं, आणि मग हव्या त्या वाटेने पुढे आणायचं. एवढं लक्षात ठेवलंत तरी आजचं पुरे.

जाता जाता एक. घरात कोणी गरोदर असलं की फोन येतात ना, नाळेतलं रक्त साठवून ठेवा, स्टेम सेल आहेत, पुढे बाळाच्या सगळ्या आजारांवर उपयोग होईल? त्या या पेशी नव्हेत. नाळेतल्या त्या पेशींपासून मुख्यतः रक्त बनतं. रक्ताच्या काही आजारांत त्यांचा खरोखर उपयोग आहे, पण बाळाला पुढे स्वतःलाच लागतील म्हणून पैसे भरून साठवायला शास्त्रीय आधार नाही, असं आपल्या आयसीएमआरनेच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच, सांगितलंय. माझं तर स्पष्ट मत आहे, तेवढ्या पैशात बाळंतिणीला चार महिने चांगलं खाऊपिऊ घाला. असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथे आलेय, ती सांगते.

2013 साली व्हिएन्नामध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी अशा मूळ पेशींपासून मेंदूच्या इवल्या गोळ्या वाढवल्या. वाटाण्यापेक्षाही लहान. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यात मेंदूतल्यासारखे थर होते. आणि गंमत म्हणजे, जन्मतः लहान डोकं असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेल्या गोळ्या लहानच राहिल्या! बशीत आजार उभा राहिला.

पण या गोळ्यांना रक्तवाहिन्या नसतात. नुसत्या ठेवल्या तर पोषण आतपर्यंत पोचत नाही. म्हणून ज्या पातळ द्रवात त्या तरंगतात तो सतत हळूहळू फिरता ठेवावा लागतो. बासुंदी का ढवळत बसायची हे तुम्हाला माहीत आहेच. इथेही एक कलथा फिरतोय असं समजा, फक्त महिनोन्‌महिने. त्यासाठी बाजारात मिळणारी फिरकीची भांडी मोठी आणि महाग. द्रवही महाग, आणि भांडं भरायला तो बराच लागतो. त्यात एका भांड्यात एका वेळी एकच प्रयोग. दहा गोष्टी ताडून बघायच्या तर दहा भांडी, आणि उबदार कपाटात तेवढी जागा कुठून आणायची?

बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये गुओ-ली मिंग आणि होंगजुन साँग हे नवरा-बायको मेंदूवर काम करत होते. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन शाळकरी मुलं शिकायला आली. शाळकरी बरं का, कॉलेजचीसुद्धा नव्हेत! त्यांतला एक मुलगा त्या महागड्या भांड्याचं चित्र बघतो आणि म्हणतो, हे आपण थ्रीडी प्रिंटरवर करू शकू की.

तुम्ही त्या प्रयोगशाळेचे प्रमुख असतात तर काय म्हणाला असतात? मी काय म्हणाले असते ते मी सांगत नाही. मिंग आणि साँग म्हणाले, करा.

मुलं कामाला लागली. प्रयोगशाळेत बारा खळग्यांची एक प्लॅस्टिकची थाळी सर्रास वापरतात, तळहाताएवढी असते. मुलांनी तिच्यावर बसेल असं झाकण आखलं. झाकणातून खाली बारा छोट्या फिरक्या, प्रत्येक खळग्यात एक. वर दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली, आणि सगळ्यांना मिळून मोटर एकच. ती फिरली की बाराच्या बारा फिरक्या एका गतीने फिरणार. एका खळग्याला द्रव लागणार जेमतेम चमचाभर. आणि बारा खळगे म्हणजे एकाच थाळीत बारा वेगवेगळे प्रयोग! मग प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी त्यात सुधारणा केल्या, कुठल्या दिवशी कुठलं रसायन घालायचं ते बसवलं, आणि त्या थाळीत मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचे गोळे वाढायला लागले.

मला ही गोष्ट इतकी का आवडते सांगू? आपल्याकडची विज्ञान प्रदर्शनं आठवा. दुकानातून तयार आणलेला ज्वालामुखी, नाहीतर आईबाबांनी रात्री जागून केलेली पवनचक्की, आणि मूल शेजारी उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतंय. परीक्षक येणार, शेरा लिहिणार, पुढे जाणार. मुलाला कोणी खऱ्या कामाची खरी अडचण देतच नाही. याबद्दल मी तासभर बोलू शकते, पण समोरचं घड्याळ मला दिसतंय.

तर थाळी तयार होती आणि 2016 उजाडलं. ब्राझीलमधली बातमी जगभर झाली होती. फ्लोरिडातले विषाणूतज्ज्ञ हेंगली टांग यांच्याकडे झिकाचा विषाणू होता, साँग-मिंग यांच्याकडे मूळ पेशींपासून बनवलेल्या मेंदूच्या पेशी होत्या. दोघांनी हात मिळवले. पहिली तपासणी बशीतल्या सुट्या पेशींवर, आणि साधारण महिनाभरात उत्तर हातात! ज्या पेशींपासून पुढे मेंदू बनतो त्या जनक पेशींमध्येच विषाणू शिरत होता. तीन दिवसांत 65 ते 90 टक्के पेशींना लागण. नुसती लागण नाही, त्या पेशीतच नवे विषाणू तयार होत होते, पेशींची वाढ थांबत होती, पेशी मरत होत्या. 4 मार्च 2016ला हे छापून आलं.

मग मुलांची थाळी. तिच्यात वाढवलेल्या गोळ्यांना झिकाची लागण केली. जनक पेशींचा थर पातळ झाला, आतली पोकळी मोठी झाली, गोळाच लहान राहिला. लागण जितकी लवकर, तितकं नुकसान जास्त. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची एवढी काळजी. पुन्हा सांगते, लागण लवकर तर नुकसान जास्त. या शोधनिबंधाच्या मथळ्यातच त्या छोट्या यंत्राचा उल्लेख आहे, आणि लेखकांच्या यादीत त्या मुलाचं नाव आहे.

त्याच सुमारास रिओमधल्या संशोधकांनीही ऑर्गनॉइडवर बघितलं: झिकाने वाढ 40 टक्क्यांनी घटली. त्यांनी शहाणपणा असा केला की शेजारी डेंग्यूही लावून बघितला. डेंग्यू झिकाचा भाऊबंद, डास तोच. पण डेंग्यूने तसं नुकसान केलं नाही. 13 एप्रिल 2016ला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, जाहीर केलं की झिकामुळे बाळांची डोकी लहान राहतात. सगळा पुरावा बशीतला नव्हता, रुग्णांच्या नोंदी होत्या, गर्भाच्या मेंदूत विषाणू सापडला होता. पण तो नेमकं करतो काय, हे बशीने दाखवलं.

आता उरलेल्या वेळात भरभर. हे गोळे म्हणजे मेंदू नव्हे. ते विचार करत नाहीत, त्यांना रक्तपुरवठा नाही, फार मोठे झाले की मधला भाग मरतो. बशीतल्या त्या सुट्या पेशींवर 6,000हून जास्त रसायनं तपासली, तेव्हा निक्लोसामाइड हे पट्टकृमीचं जुनं औषध विषाणूची वाढ रोखताना दिसलं. बशीत दिसलं. गरोदर बाईला देण्याजोगं झिकाचं औषध अजून नाही, लसही नाही. तेव्हा फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली, तुम्ही जाणताच. हा डास दिवसा चावतो. रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही, दिवसा चावतो.

दुसरीकडे जपानमध्ये केओ विद्यापीठात एएलएसच्या रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी बनवल्या. एएलएस म्हणजे ज्यात हळूहळू हातपाय, मग श्वास थकत जातो तो आजार. त्या चेतापेशींवर तयार औषधं लावून बघितली आणि रोपिनिरोल हे पार्किन्सन्सचं औषध निवडलं. 20 रुग्णांवर चाचणी झाली, 2023 साली निष्कर्ष छापले. औषध सुरुवातीपासून घेणाऱ्यांचा आजार साधारण 28 आठवडे उशिरा बळावला. आजार बरा झाला नाही, आणि 20 माणसं म्हणजे फार थोडी. मोठी चाचणी व्हायला हवी. पण औषध निवडलं गेलं ते रुग्णांच्याच पेशींवर, बशीत. नमस्कार.