वड्यापायी हुकलेले सिनेमे

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात अलकाला किंवा नीलायमला मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा ना, तेव्हा निम्मं थिएटर बाहेर बटाटेवडा खात असायचं. ‘अजून डॉक्युमेंटरीच चालू आहे’, म्हणजे घाई नाही. मीही त्यातलाच. त्या वड्यांपायी काय काय हुकलं, ते आता संध्याकाळी एकेक करून बघतोय.

‘एक अनेक और एकता’ तुम्हाला पाठ असेल. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्यांचा तो छोटा ॲनिमेशनपट, १९७४चा. पण तो विजया मुळे या मराठी बाईंनी केला, हे किती जणांना माहीत आहे? असो.

दूरदर्शन मालिका ‘भारत एक खोज’ विसरली गेलीय असं नाही, पण ५३ भागांतले लोकांच्या लक्षात राहतात ते नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरींचा औरंगजेब. महात्मा फुल्यांचा भाग शोधून बघा. जोतीराव कोण झालंय? सदाशिव अमरापूरकर! पडद्यावर ज्यांना बघून आपण दातओठ खाल्ले, तेच. आपल्या गंज पेठेतला हा माणूस त्यांनी असा उभा केलाय की पाच मिनिटांत खलनायक विसरायला होतो.

दिग्दर्शिका सुमित्रा भावे तर इथल्याच, पुण्याच्या. कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही. वस्तीतल्या बायकांवर संशोधन केलं आणि मग प्रश्न पडला, की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच हे वाचता येणार नाही. म्हणून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट. पुढचे मोठे सिनेमे सगळ्यांना ठाऊक असतात, मुळाशी हा आहे.

आणि आता माझा सगळ्यात लाडका. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’, १९६७. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या पोरापोरींना देशभर गाठून विचारलंय, काय हवंय तुम्हाला, या देशाचं काय वाटतं? सरकारी फिल्म म्हटली की धरण, पोलादाची भट्टी आणि मागे भारदस्त आवाज, हीच आपली समजूत. इथे एक पोरगा कॅमेऱ्यासमोर सरळ सांगतो, मला देशाबद्दल प्रेमबिम नाही. आणि ते कापलेलं नाही! कुणी मोठी स्वप्नं सांगतं, कुणी लाजतं, कुणी कंटाळलेलं. ही मंडळी आज ऐंशीच्या घरात. आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणारे एक आजोबा नेमके त्याच वयाचे. बघताना मी सारखा त्यांचा चेहरा शोधत होतो.

यूट्यूबवर आहे, वीसएक मिनिटांचा. घरी विशीतलं कुणी असेल तर शेजारी बसवा. फक्त ‘माहितीपट आहे’ असं आधी सांगू नका, नाहीतर तेही वडे आणायला जाईल.