दोन रंगांची नदी

(ड्रोन. डंकॅनन, पेन्सिल्व्हेनिया. एप्रिलअखेरची सकाळ.)

नदीच्या मधोमध कुणी रेघ मारावी तसे दोन रंग दिसतायत. उजव्या काठाचं पाणी तपकिरी, डाव्या काठाचं हिरवट. तपकिरी पाणी जुनियाटा या उपनदीचं. पश्चिमेकडच्या डोंगरांत पाऊस पडून गेला, त्याची माती आता इथवर आली आहे. हिरवट पाणी उत्तरेकडून येणाऱ्या सस्क्वेहाना नदीचं. दोघी इथे भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत. पात्र एवढं रुंद आणि इतकं उथळ, की कित्येक मैल त्या एकमेकींना खेटून, पण वेगळ्याच वाहतात.

आज मासेमारीसाठी कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी, पाण्यात उतरणार ती डाव्या बाजूनं. आपल्याला हवा तो मासा, स्मॉलमाउथ बास, नजरेनं शिकार करतो. गढूळ पाण्यातही तो मिळतो, नाही असं नाही. पण मग आमिष त्याच्या तोंडाशीच न्यावं लागतं. पाऊस उत्तरेला पडला असता, तर हीच कनू पलीकडच्या काठाला गेली असती.

(कनूतून. पाण्याच्या पातळीवरून.)

सस्क्वेहाना: न्यूयॉर्क राज्यातल्या ओट्सिगो तलावातून निघून चेसापीक उपसागरापर्यंत सुमारे ७१४ किलोमीटर. हॅरिसबर्ग शहराच्या वर ही नदी एकामागून एक डोंगर कापत येते: पीटर्स माउंटन, सेकंड माउंटन, ब्लू माउंटन. डोंगर कापले गेले, त्यांचे कठीण थर मात्र तळाशी आडवे राहिले. हे बघा, पाण्यावर आलेली ही काळी धार त्यातल्याच एका थराची. वरच्या अंगाला पाणी तिच्यावर आदळतं, खालच्या अंगाला मागे वळून घुटमळतं. मासा बसतो तो या घुटमळणाऱ्या पाण्यात. जोर वाचतो, आणि दोन हातांवरून खाणं वाहत जातं.

वसंतात ही जागा रोज बदलते. हॅरिसबर्गच्या जलमापकावर १७ फुटांना पूर धरतात. उन्हाळ्यात आकडा तीन-चार फुटांवर येतो. मधल्या सगळ्या पातळ्या एप्रिलमध्ये बघायला मिळतात. डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि पाणी चढत असतं, कारण ते दोन-तीन दिवसांपूर्वी भलतीकडेच पडलेलं असतं. पाणी फुटभर चढलं की काल दिसलेला खडक आज नाही. मासे काठाच्या झाडांच्या मुळांशी सरकतात. उतरायला लागलं की पुन्हा खडकांकडे.

(जवळून. दोरीला बांधलेला तापमापक.)

अकरा अंश सेल्सिअस. कालपर्यंत हवा गरम होती, रात्री थंड पाऊस झाला आणि पाण्याचं तापमान उतरलं. दहाच्या खाली बास खोल, संथ डोहात नुसता पडून असतो. दहाच्या वर हळूहळू खायला बाहेर येतो. आकड्यापेक्षाही तो कुठल्या दिशेनं चाललाय ते बघायचं. आठवरून अकरावर चढणारं पाणी चांगलं. चौदावरून अकरावर घसरलेलं पाणी म्हणजे तोंड मिटलेले मासे.

म्हणून हे आमिष. शिशाच्या डोक्याचा गळ, त्यावर तपकिरी केसांचा झुबका. याला जिग म्हणतात. तळाशी दगडांत लपणाऱ्या, शेवंडाच्या कुळातल्या क्रेफिशची ही नक्कल. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, वीतभर ओढायचं आणि थांबायचं. थांबण्यातच सगळी कला आहे.

त्यासाठीच कनू. पुढे बसलेला गळ टाकतोय, मागे बसलेल्यानं गळाला हात लावलेला नाही, आणि खरी मासेमारी तोच करतोय. कनूचं तोंड प्रवाहाकडे, वल्हं पाण्यात तिरकं, छोटे छोटे हात. कनू जागेवर थांबते, मग आडवी सरकत थेट खडकामागच्या पाण्यात शिरते. वेगाच्या प्रवाहात नांगर टाकायचा नाही. दोर ताणला की कनू आडवी होते आणि उलटते. पाण्याचा झोत मागे फेकून चालणाऱ्या जेट बोटीही या नदीत फिरतात, उथळावरून सुसाट जातात. त्यांना हा खडक दिसतो तो अडथळा म्हणून.

अंगात लाइफ जॅकेट आहे. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात कनूत ते घालणं इथे कायद्यानंच बंधनकारक आहे.

(काठी वाकते. मासा उसळी घेतो. इथे निवेदन नाही.)

(रॉकव्हिलचा पूल. मालगाडी.)

१९०२ सालचा हा दगडी पूल. ४८ कमानी, एक किलोमीटरहून अधिक लांब. आणि वरून जाणाऱ्या गाडीचा या माशाशी संबंध आहे. स्मॉलमाउथ या नदीचा मूळचा नाही. पंचमहासरोवरं आणि मिसिसिपीचं खोरं हे त्याचं माहेर. १८५४ मध्ये व्हीलिंगच्या ओढ्यातले काही बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडे कंबरलंडला आणले गेले आणि तिथल्या कालव्यात सोडले. तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. सस्क्वेहानात ते आले १८७० च्या सुमारास. वाफेच्या इंजिनाचं पाणी, त्यात हिंदकळणारे मासे, आणि पुढे अख्ख्या नदीला लागलेला हा छंद!

(पाण्याखाली. मे महिना.)

पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की नर शेपटीनं तळाचा गाळ झाडून गोटे मोकळे करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर राहतो. हा बघा, परांनी अंड्यांवर पाणी हलवत राहिलाय. छोटा मासा जवळ आला की धावून जातो. गळ आला तरी धावूनच जातो. त्याला पकडणं अगदी सोपं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पेन्सिल्व्हेनियात पकडलेला बास लगेच सोडावा लागतो. पण तो कनूत असतो तेवढ्या वेळात सनफिशसारखे छोटे मासे घरट्यात शिरलेले असतात. आमच्या कनूनं हे घरटं लांबून वळसा घालून ओलांडलं, गळ न टाकता.

२००५ मध्ये या नदीत बासची पिल्लं मोठ्या संख्येनं मेलेली आढळली. त्यानंतर निर्बंध आणखी कडक झाले.

(संध्याकाळ. पाणपक्ष्यांची बेटं.)

वेड बेटावर मोठे बगळे परतलेत, झाडं पांढरी झाली आहेत. इथून पुढे शहर, आणि शहराच्या टोकाला डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा. वरून तो जेमतेम दिसतो. खाली उलटं फिरणारं पाणी माणसाला सोडत नाही, अनेक जीव गेलेत तिथे. कनू त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लावली. तपकिरी पाणी एव्हाना निम्म्या पात्रापर्यंत आलं होतं.