मातीच्या भिंतीला रंग देताना

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडतो, नवरात्र बसते आणि विदर्भातल्या गावागावांत घरे पोतारण्याची लगबग सुरू होते. दिवाळीपूर्वी भिंती उजळाव्यात ही प्रत्येक घरची इच्छा असते. म्हणून आज घराच्या आतल्या भिंतींविषयी, आणि त्यातही मातीच्या भिंतींविषयी, बोलणार आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत समोरची खोली विटा-सिमेंटची असते आणि मागे कवेलूखालचे माजघर जुन्या मातीच्या भिंतींचे असते. रंग आणताना मात्र आपण दोन्हींसाठी एकच डबा आणतो, आणि चूक तिथेच होते. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि ती दोन्ही अंगांनी हवेत सोडत राहते. तिच्यावर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, रंगाला फुगे येतात आणि पुढे मातीसकट पापुद्रे सुटतात. आमच्या माजघराला मी हौसेने फिकट हिरवा ऑइल पेंट दिला होता. पुढच्या श्रावणात आईने भिंतीला हात टेकला, तर तळहाताएवढा पोपडा तिच्या हातात आला.

अशा भिंतीला पांढरी माती किंवा चुना हेच योग्य. वणी तालुक्यातले राजूर चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते, त्यामुळे कळीचा चुना आपल्याला परका नाही. पण भट्टीतून निघालेला हा चुना पाण्यात नीट विरवण्याचा धीर आता कमी झाला आहे. एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी लागते. पाणी पडताच चुना उकळतो आणि उसळतो, म्हणून भांडे लोखंडी घ्यावे, मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावे. थेंब डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच दवाखाना गाठावा. चुना रात्रभर मुरू द्यावा, सकाळी सुती कापडातून गाळावा आणि त्यात भिजवलेला डिंक व किंचित नीळ मिसळावी.

आता ज्या गोष्टीपाशी सगळे घाई करतात, तिच्याविषयी. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. नवखा माणूस तो पातळ झाला असे समजून आणखी चुना घालतो आणि मग तो दाट थर अंगाला, कपड्यांना लागत राहतो. खरे म्हणजे चुन्याचा शुभ्रपणा वाळल्यावरच उमटतो, कारण विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. तेवढा वेळ मिळावा म्हणून भिंत आधी पाण्याने हलकी भिजवावी आणि तीन पातळ हात द्यावेत, एक उभा तर पुढचा आडवा, प्रत्येक हात वाळल्यावरच दुसरा.

सिमेंटच्या खोलीचे थोडक्यात सांगतो. नवा गिलावा निदान 28 दिवस तसाच राहू द्यावा, मगच डिस्टेंपर किंवा इमल्शन लावावे. काळ्या मातीवरच्या घरांना पडणाऱ्या भेगा पावसाळ्यात बुजवू नयेत. ती माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बुजवलेली भेग पुन्हा उघडते. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि पाणी कुठून येते ते आधी शोधावे. बरेचदा बाहेरच्या बाजूला न्हाणीचे सांडपाणी तुंबलेले असते.

जुना ऑइल पेंट खरवडताना विशेष काळजी घ्यावी ही माझी कळकळीची विनंती आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून ओलाच खरवडावा, नाका-तोंडाला चांगला मास्क बांधावा, लेकरांना तेवढे दिवस शेजारी ठेवावे आणि निघालेला चुरा अंगणात किंवा चुलीत न टाकता पिशवीत बांधावा.

आमचे माजघर आम्ही असेच ओले खरवडून घेतले आणि पूर्ण उन्हाळाभर उघडे वाळू दिले. मग आईने गव्हाचा भुसा घालून कुजवलेल्या मातीने भिंती लिंपल्या, आणि दसऱ्याच्या आधी त्यांवर चुन्याचे तीन हात दिले.