वळिवड्याच्या छावणीत दोनदा आलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनीजवळ, गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला नाहीतर दुकानाचा घाऊक माल भरायला तुमच्यापैकी बरेच जण तिथं जाऊन आले असतील. ही पेठ सिंधी व्यापाऱ्यांनी उभी केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फाळणीनंतर त्यांना इथं वसवलं, तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम गाव बांधायची गरज पडली नाही. वळिवड्याच्या माळावर कौलारू बराकींची मोठी छावणी आयतीच होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत त्या बराकींत पोलंडची माणसं राहत होती, सुमारे पाच हजार. बाया, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त.

एकाच छावणीत पाठोपाठ दोन देशांतली उठवलेली माणसं यावीत, आणि दोघांनीही कराची बंदर पाहिलेलं असावं, हा योगायोग म्हणायचा. पोलिश इराणहून जहाजानं कराचीला उतरले आणि तिथल्या तात्पुरत्या छावण्यांतून कोल्हापूरला आले. सिंध्यांचं कराचीच सुटलं. पण माणूस घर का सोडतो, याचं उत्तर या दोघांकडून अगदी वेगवेगळं मिळतं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी पोलंडचं. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला आणि त्यात पोलंड वाटून घ्यायचं गुपचूप ठरलं. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून घुसल्या, १७ तारखेला रशियन पूर्वेकडून. पूर्वेचा मुलूख आपल्याकडे कायमचा ठेवायचा तर तिथं पोलिश अंमलाची आठवण धरून बसलेली माणसं नकोत, असा रशियाचा हिशेब होता. मग याद्या झाल्या. १९२० च्या सुमाराला रशियाशी लढलेल्या सैनिकांना पोलंड सरकारनं पूर्वेकडं जमिनी दिल्या होत्या, त्यांची कुटुंबं पहिल्या यादीत. जंगलखात्यातली माणसंही त्याच यादीत. १० फेब्रुवारी १९४० ला, कडाक्याच्या थंडीत, अपरात्री दारं ठोठावली गेली. सामान आवरायला कुठं अर्धा तास, कुठं त्याहूनही कमी. मालगाडीच्या डब्यांत कोंबून सुमारे १ लाख ४० हजार माणसं उत्तर रशियात आणि सायबेरियात लाकूडतोडीला धाडली.

एप्रिलमधली दुसरी फेरी मला जास्त भयंकर वाटते. रशियाच्या कैदेत हजारो पोलिश अधिकारी होते. त्यांच्याकडून घरच्या माणसांची नावं आणि पत्ते गोळा करण्यात आले. कैदेतल्या माणसाला काय वाटलं असेल? पत्ता लिहून दिला की निदान खुशाली तरी कळेल. त्याच वसंतात त्यातल्या बहुतेकांना कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घातल्या, आणि त्या पत्त्यांवर जाऊन बायकामुलांना उचलून कझाकस्तानात नेलं. यांना ‘घर का सोडलंत’ असं विचारणंच गैर आहे. ती माणसं कुठं निघालीच नव्हती, त्यांना उचललं होतं.

सुटकाही त्यांच्या पुण्याईनं झाली नाही. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, म्हणून स्टालिनला पोलिश दोस्त लागले. करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, ते कुणी सांगितलं नाही. पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. उपाशी, उवांनी भरलेले, टायफसनं फणफणलेले. कित्येक जण इराणच्या किनाऱ्यावर पाय टेकल्यावर गेले. जगलेल्यांपैकी काही आफ्रिकेत गेले, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला. जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांना बालाचडीत ठेवून घेतलं, आणि मोठी वसाहत झाली ती आपल्या वळिवड्याला. तिथं त्यांनी शाळा काढल्या, चर्च थाटलं, नाटकं केली. घरचा कर्ता पुरुष हयात असलाच तर तो बहुधा आंदेर्स यांच्या सैन्यात, इटलीच्या आघाडीवर होता.

आता सिंध्यांकडे येऊ. त्यांच्या दारावर एका रात्रीत थाप पडली नाही.

१९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीला आपली मराठी माणसं नोकरीधंद्यानं राहत होती. तिथल्या एका नामांकित सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. फाळणीत पंजाब चिरला गेला, बंगाल चिरला गेला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबात कापाकापी चालली होती तेव्हा सिंध बराचसा शांत होता, आणि १५ ऑगस्ट उलटून गेल्यावरही बहुतेक सिंधी हिंदू जागचे हलले नव्हते. राज्य बदलतं, रयत तीच राहते, असं त्यांना वाटत होतं. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभवही तोच होता.

मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. हिंदुस्थानातून घरदार गमावून आलेले मुसलमान निर्वासित कराचीत आणि सिंधमधल्या हैदराबादेत उतरू लागले. त्यांना छप्पर हवं होतं, आणि हिंदूंची घरं डोळ्यांसमोर होती. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. सिंध्यांना बाहेर ढकलणाऱ्यांत स्वतः ढकलले गेलेलेच बरेच होते. तक्रार घेऊन गेलं तर पोलीस ऐकतील, हा भरवसा उडाला. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादेत दंगल झाली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत, भारतात जायला म्हणून गुरुद्वारात आश्रयाला आलेल्या शिखांवर जमाव तुटून पडला आणि मग शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर बंदरावर रीघ लागली. १९४८ च्या मध्यापर्यंत सुमारे दहा लाख माणसांचं बिऱ्हाड हललं होतं. कुणी कुलूप घालून किल्ली शेजारच्या मुसलमान दोस्ताकडे दिली. लवकरच परतू, या बोलीवर.

अशा माणसांना नंतर फार ऐकून घ्यावं लागतं. ‘तुम्हाला कुणी मारलं का? नाही ना? मग स्वतःहूनच आलात की!’ मला हा प्रश्न खोटा वाटतो. ज्या गावात दुकान लुटलं गेलं तर दाद मागायला जागा उरलेली नाही आणि मुलगी घरी परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नाही, तिथं तलवार प्रत्यक्ष मानेवर पडेपर्यंत थांबायला हवं होतं का? जे थांबतात, त्यांची उदाहरणं जगाला पुष्कळ ठाऊक आहेत.

आणि ज्यांना निघायचं होतं पण निघू दिलं नाही, त्यांचं काय? पाकिस्तान सरकारनं सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेत घातलं आणि दलितांना देश सोडायला आडकाठी केली. शहरं साफ कोण करणार, ही चिंता! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून या अडवणुकीबद्दल तक्रार केली होती. पळून जायलाही जात, पैसा आणि ओळख लागते. श्रीमंताला जहाजाचं तिकीट मिळतं, गरिबाला रांग, आणि सगळ्यांत खालच्याला बंदी. छावण्यांत दिसतात ते त्यातल्या त्यात निघू शकलेले.

कधी कधी हे सगळं कागदावर सुरू होतं. म्यानमारनं १९८२ मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला आणि रोहिंग्यांपैकी बहुतेक जण आपल्याच गावात परके ठरले. नागरिकत्व नाही म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून वाली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्करानं गावं जाळली आणि सात लाखांहून जास्त लोक काही महिन्यांत बांगलादेशात गेले. आग २०१७ ची, पण काडी पस्तीस वर्षं आधीच ओढलेली होती.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणानं छळाची रास्त भीती असेल आणि माणूस देशाबाहेर असेल, तरच तो निर्वासित. उपासमारीनं, पुरानं किंवा दुष्काळानं निघालेला त्यात बसत नाही. भारतानं या करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे १२ कोटी ३० लाख माणसं घरातून उठवली गेलेली होती. त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात भटकत होती.

‘एकदा आले की परत जात नाहीत’ हेही नेहमी कानावर येतं. वळिवड्याच्या पोलिशांना विचारायला हवं होतं. महायुद्ध दोस्तांनी जिंकलं आणि पोलंड जिंकणाऱ्यांच्या बाजूचं होतं. पण १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या याल्टाच्या बैठकीत पोलंडची सरहद्द पश्चिमेला सरकवली गेली आणि त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत राहिली. थोडे नव्या पोलंडला गेले, बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले.

याच्या उलट १९७१. पूर्व पाकिस्तानातल्या लष्कराच्या अत्याचारांमुळं सुमारे एक कोटी माणसं बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आली. १६ डिसेंबरला ते लष्कर शरण आलं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले बहुतेक जण आपल्या पायांनी परत गेले. घरं जळालेली होती, शेतं पडीक होती, तरी गेले. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, त्या दिवसांत आपण प्रत्येक पत्राला पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट चिकटवत होतो. निर्वासित १९७२ मध्येच गेले. ते तिकीट मात्र सरकारनं मार्च १९७३ पर्यंत चालू ठेवलं.

नमस्कार.