झोका लहान होतो, ताल तोच राहतो

नमस्कार मंडळी. आज डॅम्पिंगबद्दल बोलूया, म्हणजे हलणाऱ्या वस्तूची एनर्जी खाऊन टाकणारं जे काही असतं, हवा, तेल, घर्षण वगैरे, आणि त्यातही एवढंच बघूया की त्याने फ्रिक्वेन्सी, म्हणजे वस्तू सेकंदाला किती वेळा हलते ते, किती बदलते. बहुतेकांना वाटतं की झोके लहान होत चाललेत म्हणजे त्यांचा ताल पण हळू होत असणार. तसं नसतं. तंबोऱ्याची तार छेडा आणि ऐकत बसा, आवाज विरत विरत पार नाहीसा होतो पण सूर काही उतरत नाही, आणि मला वाटतं हे असं आहे म्हणूनच तार लावायला काही अर्थ आहे.

आता आकडे बघा. तेलासारखा वेगाच्या प्रमाणात वाढणारा विरोध धरला तर नवी फ्रिक्वेन्सी म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी गुणिले, एकातून डॅम्पिंग रेशोचा वर्ग वजा करून त्याचं वर्गमूळ. डॅम्पिंग रेशो म्हणजे झोका पूर्ण बंद करायला जेमतेम पुरेल त्या डॅम्पिंगच्या कितवा हिस्सा इथे आहे तो आकडा. रेशो 0.1 असेल तर प्रत्येक झोका आधीच्या जेमतेम निम्मा उरतो, म्हणजे डोळ्यांना सरळ दिसेल इतकं डॅम्पिंग, आणि फ्रिक्वेन्सी कमी होते फक्त अर्धा टक्का!

असं का? स्प्रिंगला लावलेली वस्तू मधून बाहेर जाते तेव्हा तेलाचा विरोध स्प्रिंगच्या बाजूने ब्रेक लावतो त्यामुळे टोक जरा लवकर येतं, परत येताना मात्र तोच विरोध स्प्रिंगच्या आड येतो आणि उशीर होतो. लवकर आणि उशीर जवळजवळ फिटतात, जो बारीकसा उशीर उरतो तेवढाच त्या वर्गातून दिसतो. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

कारच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल जातं, तिथे रेशो साधारण 0.3 च्या आसपास धरा. बॉडी मुळात सेकंदाला एक-दीड वेळा हलणारी, तिचा ताल पाचेक टक्क्यांनी उतरतो, पण दुसरा हेलकावा पहिल्याच्या सातव्या हिश्शाएवढाच असतो. म्हणून शॉक गेलाय का बघायचं तर बोनेटचा कोपरा दाबून सोडतात आणि गाडी किती वेळा हलते ते मोजतात, किती भरभर हलते ते कोणी बघत नाही.

मग फ्रिक्वेन्सी खरोखर पडते कधी? रेशो 0.9 केला तर ती निम्म्याच्याही खाली येते, पण तेव्हा पुढचा हेलकावा आधीच्याच्या दहा लाखांत दोन-तीन भाग एवढा राहतो, म्हणजे मोजायला काही उरतच नाही. आणि रेशो 1 झाला की झोका संपला, वस्तू सरळ जागेवर येऊन थांबते, हायड्रॉलिक डोअर क्लोजरचा दरवाजा न आपटता बसतो तो साधारण असाच.

एक गोष्ट मात्र इथे वेगळी ठेवा, विद्यार्थी मंडळींनी तर नक्कीच. एकसारख्या जोराने वस्तूला तालात मागे-पुढे ढकलत राहिलात तर ती सगळ्यात जास्त ज्या फ्रिक्वेन्सीला हलते ती याहून खाली असते, कारण तिथे वर्गाच्या दुप्पट वजा होतं. 0.3 ला ती मूळ फ्रिक्वेन्सीच्या साडेनऊ टक्के खाली जाते, आणि रेशो 0.71 च्या वर गेला की रेझोनन्सचं शिखर, म्हणजे सगळ्यात जास्त हलण्याची अशी वेगळी फ्रिक्वेन्सीच, राहत नाही, मोकळी सोडली तर वस्तू अजून किंचित पलीकडे जाऊन परत येत असली तरी.