पावसावाचून टिकलेलं तांबं

श्रोतेहो, नमस्कार. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी लागणारा निळा मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आपल्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. पाण्यात टाकला की विरघळतो. हाच मोरचूद चिलीतल्या चुकिकामाता खाणीत खडकाच्या भेगांमध्ये आपसूक तयार झालेला सापडतो. ही खाण अटाकामाच्या वाळवंटात, सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून तो राहिला.

मुळात हे तांबं आलं खालून. तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वी अँडीज पर्वताच्या पोटात शिलारस थिजताना निघालेलं तप्त, खारट पाणी खडकाच्या चिरांत शिरलं आणि तिथे चाल्कोपायराइट हे पितळी रंगाचं खनिज बसलं. त्यात तांबं ३५ टक्क्यांच्या आसपास. पण ते इतकं विखुरलेलं, की टनभर तांब्यासाठी शंभर टनांहून जास्त दगड फोडावा लागतो.

पुढे डोंगर उचलला गेला, झिजला. वरच्या थरात हवा-पाणी पोचून गंधकाम्ल तयार झालं. त्यात विरघळलेलं तांबं खाली झिरपलं आणि भूजलाच्या पातळीजवळ चाल्कोसाइट हे काळपट खनिज होऊन साचलं. यात तांबं तब्बल ८० टक्के! आधीच्या बेताच्या पावसाने तांबं असं गोळा केलं आणि नंतरच्या कोरडेपणाने ते जपलं. मला या खाणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

वर राहिला हिरवा थर, अँटलेराइट आणि अटाकामाइट या तांब्याच्या खनिजांचा. अटाकामाइटचे सुईसारखे स्फटिक बाटलीच्या काचेसारखे गडद हिरवे चमकतात, पण गोडं पाणी झिरपत राहिलं तर टिकत नाहीत. १९१५ मध्ये इथे मोठं खाणकाम सुरू झालं ते अँटलेराइटच्या जोरावर. ते आम्लात विरघळवायचं आणि विजेच्या प्रवाहाने शुद्ध तांबं पत्र्यावर चढवायचं.

माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथे खणत होती. १८९९ मध्ये एका जुन्या बोगद्यात इसवी सन ५५०च्या सुमाराचा खाणकामगार सापडला. दरड कोसळून गाडला गेलेला, जवळ हत्यारं, त्वचा तांब्याच्या क्षारांनी हिरवी झालेली. त्याचा देह आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. कष्टकरी माणसाचा मृतदेह असा संग्रहात ठेवणं मला पटत नाही.

आता खड्डा जवळपास किलोमीटरभर खोल गेलाय आणि २०१९ पासून भुयारी खाणकाम सुरू आहे. खालच्या गंधकी खनिजांत एनार्जाइट आहे, त्यात आर्सेनिक. शेजारची खाणवस्ती रिकामी करून माणसं कालामा शहरात हलवली गेली, त्याच्या कारणांत खाणीची धूळ आणि भट्टीचा धूरही होता.